बांजाची फळं (ओकची) घरी आली आहेत, तुरटपणा कसा काढायचा?

रामबागची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या नणंदेचे यजमान उत्तराखंडात मुक्तेश्वरला नोकरीला आहेत. क्वार्टरच्या आवारात बांजाची जुनी झाडं आहेत. बांज म्हणजे तिकडचा ओक. थंडीत खाली फळांचा नुसता सडा पडतो. नणंदबाई इंदूरला आल्या त्या धान्याची अर्धी पिशवी भरूनच घेऊन आल्या. "वहिनी, तुला असले उद्योग आवडतात, कर काहीतरी."

फळ बोटाच्या पेराएवढं, बुडाला खवल्यांची वाटी, दुसऱ्या बाजूला टोचरं टोक. साल पातळ पण चिवट. आत दोन दलं, वर तपकिरी पापुद्रा. एक दल चावून पाहिलं. आधी काहीच वाटलं नाही, मग जीभ खरखरीत झाली, गाल आतून ओढले गेले आणि त्यावर घेतलेला चहासुद्धा बेचव लागला.

परदेशात लोक हे खातात एवढं ऐकून आहे. तुरटपणा पाण्याने जातो म्हणतात, पण नेमका कसा? मला याचं पीठ करून थालीपीठ लावायचं आहे. आणि एक अडचण आधीच सांगते: आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. "वाहत्या पाण्यात आठ दिवस ठेवा" असलं काही सुचवू नका.

भिया_५६

वहिनी, संध्याकाळी सराफ्यात जा, गरम तळलेला गराडू कंद घ्या, वरून जीरावन मसाला न् लिंबू. एवढी उठाठेव करून कशाला राहिल्या?

रामबागची_सून

गराडू कालच झाले. आता फळांचं बोला.

लोकमान्यनगरचे_सर

निवृत्तीपूर्वी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुरटपणा टॅनिनचा. हिरडा, सुपारी, कच्चं केळं, जास्त उकळलेला चहा, सगळीकडे हीच मंडळी. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत लागतं. पण ते पाण्यात विरघळतं. म्हणून फळ जितकं बारीक कराल तितकं पाणी आत पोचेल आणि काम लवकर होईल. अख्खी दलं भिजत घातलीत तर महिना गेला तरी मधला भाग तुरटच राहील.

ओकच्या जगात पाचशेच्या आसपास जाती आहेत. आपल्या माळव्यात किंवा सह्याद्रीत एकही मूळची नाही. हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत. बांजाच्या पानाची खालची बाजू पांढरट, लवदार असते, त्यावरून खात्री करून घ्या. तुरटपणा जातीजातीत आणि झाडाझाडांत कमी-जास्त असतो. त्यामुळे "इतके दिवस भिजवा" असा आकडा कोणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. चव सांगेल तेव्हाच काम झालं.

पहिलं काम निवडण्याचं. सगळी फळं बादलीत पाण्यात टाका. तरंगतील ती बहुतेक किडलेली किंवा आतून सुकलेली, काढून टाका. बुडालेल्यांतही सालीवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर तेही बाद. ओकच्या फळात सोंडेकिड्याची अळी वाढते आणि ते भोक तिच्या बाहेर पडण्याचं. भोक नसलं म्हणून आत अळी नाही असं नाही, फोडल्यावर कळतंच. आतला गर फिकट पिवळसर हवा. काळा, भुसभुशीत, कुबट वासाचा असेल तर दया दाखवू नका.

मग चार दिवस उन्हात पातळ पसरा. गर आकसतो आणि साल सुटी होते. खलबत्त्यात हलक्या हाताने फोडा. आतला तपकिरी पापुद्राही शक्य तितका चोळून काढा, त्यातही टॅनिन असतं.

आणि फेकाल ती गाईपुढे टाकू नका. कच्ची फळं जास्त खाल्ली तर गुरांच्या मूत्रपिंडाला बाधा होते.

सुदामानगर_ते_सॅनहोजे

माझं माहेर इंदूर, सध्या कॅलिफोर्नियात. इथे ओक पायलीला पन्नास आहेत, त्यामुळे हा उद्योग मी दर हिवाळ्यात करते. सरांनी निवडायचं सांगितलंच आहे, मी पुढचं सांगते.

रस्ते दोन. गरम आणि गार. आधी ठरवा की करायचं काय आहे.

गरम: दलांचे तुकडे करून उकळायचे, पाणी चहाच्या रंगाचं झालं की ओतायचं, दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळत तयार ठेवायचं आणि तुकडे लगेच त्यात घालायचे. उकळत्यातून उकळत्यात. इथे सगळे बजावतात की मध्ये गार पाण्यात घातलं तर तुरटपणा आतच बसतो. मी कधी उलट करून पाहिलेलं नाही. अर्ध्या दिवसात काम होतं, पण गॅस भरपूर जातो. आणि मुख्य म्हणजे स्टार्च शिजून जातो, मग त्या पिठाला चिकटपणा राहत नाही. लाडू, चिक्की, भाजीत कूट म्हणून ठीक.

गार: वाळलेला गर मिक्सरमधून रव्यासारखा काढायचा. काचेच्या बरणीत एक भाग रवा, तीन भाग पाणी, ढवळायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वरचं तपकिरी पाणी हळूच ओतायचं, नवीन भरायचं. पाच दिवसांत होऊ शकतं, दोन आठवडेही लागू शकतात. चिमूटभर रवा जिभेवर ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण तुरटपणा उशिरा कळतो. याचं पीठ थापता येतं. तुम्हाला थालीपीठ करायचं आहे ना, मग गारच.

पाण्याचा हिशोब: दोन बरण्यांना रोज दोन-तीन लिटर. एक दिवसाआडच्या नळातही भागेल.

इथल्या मूळ रहिवाशांचं हे मुख्य अन्न होतं. इथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात म्युझियमच्या मागे त्यांच्या वस्तीची मांडणी केलेली आहे. त्या भागात खडकात कोरल्यासारखे गोल खळगे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तिथे बसून ही फळं कांडली, त्याचे ते. पीठ वाळूच्या खोलगट आळ्यात पसरायचं, वरून पाणी ओतत राहायचं, पाणी वाळूतून झिरपून जायचं आणि पीठ वर राहायचं. मग घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ-पाणी घालून त्यात तापवलेले दगड सोडायचे. टोपलीत पेज शिजते! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथेच मटकन बसले होते.

कुरडईवाली_काकू

अगं बायांनो, हे तर चीक काढणंच झालं की! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटतो, पंचातून गाळतो, रात्रभर ठेवतो आणि सकाळी वरची निवळ ओतून देतो. खाली बसतो तो चीक. फरक एवढाच की तिथे आंबट वास जावा म्हणून पाणी बदलायचं आणि इथे तुरटपणा जावा म्हणून.

सूनबाई, तू मिक्सरमध्ये कोरडं दळू नकोस. तुकडे रात्रभर भिजव आणि पाण्याबरोबरच वाट. कोरडं फिरवलंस तर तेल सुटून भांड्याला लगदा बसेल. वाटलेलं पातेल्यात सोड, भरपूर पाणी, झाकण. सकाळी बघ, तीन थर दिसतील: वर रंगीत पाणी, मध्ये चोथा, तळाला पांढरट चीक. पाणी ओतताना चीक हलू द्यायचा नाही. पातेलं एका बाजूने सावकाश कलतं करायचं आणि तपकिरीत पांढरी रेघ दिसली की थांबायचं. त्या क्षणी हावरटपणा केला की चीक गेला मोरीत. माझ्या सासूबाई त्यासाठी वाटीने वरचं पाणी काढत, कलतं करतच नसत. मीही तसंच करते.

थंडी आहे तोवर फ्रिजही नको. फाल्गुन लागला की मात्र आंबेल.

सुदामानगर_ते_सॅनहोजे

काकू, अगदी बरोबर. इथे चीक वेगळा काढायचा असेल तर पातळ कापडातूनच गाळतात. आणि ओलं वाटणं खरंच सोपं आहे, मी कोरडं सांगितलं कारण माझ्याकडे हातचक्की आहे.

आंबट_गोड

सुरणाला चिंच लावतो, केळफूल ताकात घालतो. तसं काही केलं तर पाणी बदलायचा त्रास वाचेल का? किंवा खायचा सोडा? आमच्या शेजारच्या काकू म्हणतात चुन्याची निवळी घाला.

लोकमान्यनगरचे_सर

सुरणाचं दुखणं वेगळं. त्याची खाज कॅल्शिअम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांची, म्हणून तिथे आंबट लागतं. चिंचेने टॅनिन जाणार नाही. ताकातली प्रथिनं थोडं टॅनिन बांधतील, चहात दूध घातल्यावर तो सौम्य होतो ते यामुळेच. पण बांधलेलं टॅनिन तुमच्या पदार्थातच राहतं. काढून टाकणं आणि झाकणं यात फरक आहे.

राखेची आणि मातीची रीत मात्र जुनी आहे. इटलीतल्या सार्डिनियात आणि कॅलिफोर्नियातही काही लोक या पिठात लोहयुक्त लाल चिकणमाती मिसळून भाकर करत. माती टॅनिनला धरून ठेवते. पण म्हणून कोणी आपल्या काळ्या मातीचे प्रयोग करू नयेत. सोड्याने पाणी लवकर गडद होतं, हे खरं. मागे साबणासारखी चव राहते, हेही खरं. साध्या पाण्याने होत असताना कशाला?

रामबागची_सून

प्रगती कळवते. बादलीत टाकल्यावर बरीच फळं तरंगली, एक मोठं पातेलं भरून काढून टाकली. उरलेली गच्चीत वाळवली. माकडं नाहीत आमच्याकडे, खारींनी मात्र हजेरी लावली. सोलायला सासरे बसले, त्यांना दुपारचं काम मिळालं.

पण एक गंमत झाली. पापुद्रा काढून दलं ओली केली आणि सासूबाईंनी त्यांच्या जुन्या विळीवर तुकडे केले. विळीचं पातं, तुकड्यांच्या कडा आणि त्यांची बोटं निळी-काळी पडली! साबणाने जात नाही. सासूबाई म्हणतात, हे खाण्याची वस्तू नव्हेच, टाकून दे. खरंच काही विषारी आहे का?

लोकमान्यनगरचे_सर

विषारी नाही, तुमच्या सासूबाईंनी शाई केली आहे. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले, ओल मिळाली की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज ज्या शाईने लिहिले ती माजूफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांचीच. आपल्याकडे हिरड्याची शाई त्याच जातीची. बोटांवर लिंबू चोळा, बराच रंग उतरेल. लोखंडी विळी, कढई, तवा यांपासून हे प्रकरण लांब ठेवा, तुरटपणा जाईपर्यंत तरी. स्टीलची सुरी, स्टीलचं पातेलं. आणि ओतलेलं पाणी मोरीत नीट वाहून जाऊ द्या, फरशीवर डाग पडतो.

नवी_आई_स्नेहनगर

सर, माजूफळ म्हणजे बाळगुटीतलं मायफळ का? तेही ओकचंच? मग मायफळ म्हणजे हेच फळ वाळवलेलं?

लोकमान्यनगरचे_सर

झाड ओकचंच, पण ते फळ नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या एका ओकच्या कोवळ्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते. त्याभोवती झाड गाठ वाढवतं. ती गाठ म्हणजे मायफळ. सहाणेवर उगाळताना कधी आत पोकळी आणि बाजूला बारीक भोक दिसतं ना, ती त्या किड्याची खोली आणि दार. त्यात टॅनिन प्रचंड, म्हणून जुलाबावर तुरट म्हणून वापर.

कुरडईवाली_काकू

इतकी वर्षं उगाळलं, किड्याचं घर आहे हे आज कळलं.

नवी_आई_स्नेहनगर

बाळाला द्यावं की नाही मग? आई म्हणते द्या, डॉक्टर म्हणतात सहा महिने काही नको.

आंबट_गोड

डॉक्टरांचं ऐक, आणि पुढे बोलायचं तर वेगळा धागा काढ. इथे आधीच विळी, शाई, किडे सगळं झालंय.

जेलरोड_फार्मसी

सगळे तुरटपणाबद्दल बोलत आहेत, मला बुरशीची भीती जास्त वाटते. तुरटपणा जिभेला कळतो, बुरशीचं विष कळत नाही आणि उकळून जातही नाही.

आंब्याच्या कोयीचं उदाहरण घ्या. आतली बाठ तशीच तुरट, तशीच पिठूळ. ओडिशातले आदिवासी ती फोडून, भिजवून, वाळवून पेज करतात. तीच पेज खाऊन २००१ मध्ये रायगडा जिल्ह्यातल्या काशीपूर भागात माणसं दगावली, आणि २०२४ मध्ये कंधमाल जिल्ह्यात पुन्हा. रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, पण पावसाळ्यात ओल धरलेल्या, बुरशी आलेल्या कोयींकडे दोन्ही वेळा बोट दाखवलं गेलं. खरं तर ती माणसं हौसेने नाही, घरात धान्य नव्हतं म्हणून ते खात होती, तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर.

आपण हौसेने करतोय, तर फेकायला जीव वर-खाली होता कामा नये. पिशवीत बंद करून ठेवलेली ओली फळं दोन दिवसांत घामेजतात, म्हणून आली तशी पसरा. गार पद्धतीत पाण्यावर फेस आला, बुळबुळीत झालं, नासका वास आला तर सगळं टाका. पीठ पूर्ण कोरडं झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

आणखी दोन गोष्टी. काजू-अक्रोडाची ॲलर्जी असलेल्यांनी हे लांब ठेवावं. आणि टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तेव्हा रक्त कमी असलेल्यांनी अर्धवट धुतलेलं पीठ "पौष्टिक" म्हणून रोज खाऊ नये.

बदाम_बदाम

पौष्टिक आहे तरी का पण? की नुसतीच हौस?

जेलरोड_फार्मसी

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात वाळलेल्या गराचे १०० ग्रॅमला साधारण ५०० कॅलरी, ३१ ग्रॅम तेल, ५४ ग्रॅम कर्बोदकं, ८ ग्रॅम प्रथिनं असे आकडे आहेत. ते तिकडच्या फळांचे. जातीनुसार तेल बरंच बदलतं. म्हणजे धान्य आणि सुकामेवा यांच्या मधलं काहीतरी. तेल आहे म्हणून पीठ लवकर खवट होतं, फ्रिजमध्ये ठेवा.

कोकणस्थ_इंदूरकर

मुलगी न्यू जर्सीत आहे, पुढच्या महिन्यात येते आहे. तिच्या अंगणातही पडतात म्हणे. पिशवीभर आणायला सांगू का?

सुदामानगर_ते_सॅनहोजे

नको काका. परदेशातून बी-बियाणं भारतात आणायला आयात परवाना आणि तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. विमानतळावर काढून घेतील, आणि ते बरोबरच आहे. आत अळ्या असतात हे वर वाचलंतच. त्यापेक्षा तिला अंगणातलीच तिथे करून खाऊ दे. पूर्व किनाऱ्यावर पानांच्या कडा गोलसर असलेला पांढरा ओक आणि कडांना टोकं असलेला तांबडा ओक, दोन्ही असतात. पांढऱ्याची फळं सहसा कमी तुरट, पण पडल्या पडल्या मोड येतात, लगेच वेचायची. तांबड्याच्या सालीच्या आतून मऊ लव असते, तुरटपणा जास्त, टिकतात मात्र छान.

रामबागची_सून

झालं बाई एकदाचं. काकूंच्या रीतीने ओलं वाटून, पातेल्यात, रोज सकाळी वाटीने पाणी काढत. पहिल्या दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं गडद, मग फिकट होत गेलं. पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी चव तुरट होती, हे लिहून ठेवा. आठवड्याच्या वर गेलं. शेवटी जिभेवर ठेवून वाट पाहत बसले आणि काहीच झालं नाही, मग पंचात बांधून टांगलं.

निम्मं ताटात पसरून उन्हात वाळवलं, मिक्सरमधून फिरवून चाळलं. रंग फिकट तपकिरी, वास भाजलेल्या चण्याच्या जवळचा. थालीपीठाला एक वाटी हे आणि दोन वाट्या आपली भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट, ओवा. नुसत्या याचं लावून पाहिलं ते थापलं जातं पण उलटताना मोडतं. भाजणीबरोबर मस्त खमंग होतं, लोणी पाहिजे सोबत. चव अक्रोडाकडे झुकणारी, शेवटी किंचित कडवट, मेथी घातल्यासारखी. सासऱ्यांनी दोन खाल्ली. सासूबाईंनी एक, विळी घासत घासत.

उरलेला पातळ चीक वेगळा ठेवला आहे. त्याचं काय करू?

सुदामानगर_ते_सॅनहोजे

कोरियन लोक करतात ते करा. इथे त्यांच्या दुकानात या फळाच्या स्टार्चची पाकिटंच मिळतात. वाळलेला चीक एक वाटी, पाणी सहा वाट्या, चिमूट मीठ, चमचाभर तेल. गार असतानाच गुठळ्या मोडायच्या, मग मध्यम आचेवर सतत ढवळायचं. आधी काहीच होत नाही, मग एकदम आळतं. तिथे थांबायचं नाही, आच मंद करून आणखी दहा-पंधरा मिनिटं घोटायचं, नाहीतर वड्या पडत नाहीत. डब्यात ओतून पूर्ण गार होऊ द्या, सुरीने चौकोन कापा. स्वतःची चव फारशी नसते, ते वरून सोया सॉस, तीळ, कांद्याची पात घालतात.

तुमचा चीक ओला असेल तर पाणी कमी, चार वाट्यांपासून सुरुवात करा.

रामबागची_सून

केलं! थरथरत्या तपकिरी वड्या पडल्या. सोया सॉस घरात नव्हता. जीरावन, लिंबू, वर बारीक शेव. मुलांनी डबा रिकामा केला.

आंबट_गोड

शेव घातली म्हणजे पदार्थ इंदूरचा झाला, आता कोरियन लोकांनी काही बोलू नये.

बदाम_बदाम

बहिणीला गहू चालत नाही, ग्लूटेनचा त्रास आहे. तिला हे पीठ चालेल?

जेलरोड_फार्मसी

ओकच्या फळात ग्लूटेन नाही. पण भाजणीत गहू असतो, तेव्हा तिच्यासाठी भाजणी वगळून ज्वारी आणि बेसन घ्या. आणि गव्हाच्या चक्कीवर दळून आणू नका, घरच्या मिक्सरवरच करा.

कोकणस्थ_इंदूरकर

सूनबाई, चार फळं उरली असतील तर मला द्या, कुंडीत लावून बघतो.

लोकमान्यनगरचे_सर

वाळवलेली असतील तर उगवणार नाहीत. ओकचं बी सुकलं की मरतं, गहू-हरभऱ्यासारखं कोठारात टिकत नाही. पाण्यात बुडालेली पण उन्हात न टाकलेली काही शिल्लक असतील तर ती ओलसर वाळूत ठेवून आडवी लावा. मुळी खोल जाते, म्हणून उथळ कुंडी नको, निदान हातभर खोल पिशवी घ्या. बांज दीड-दोन हजार मीटर उंचीवरचं झाड आहे आणि आपण साडेपाचशेवर. मे महिन्यात गच्चीत ठेवलंत तर गेलंच समजा. पूर्वेकडची सावली आणि पाणी साचू न देणारी माती, एवढं सांभाळा.

रामबागची_सून

काका, काही फळं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तशीच आहेत. रविवारी या, थालीपीठही खाऊन जा.